गोल अडवणारे सर

आमच्या कॉलेजात पोरांना करिअरचे गोल विचारायचं काम ज्या सरांकडं होतं, त्यांनी स्वतःच्या तरुणपणी एकच काम मन लावून केलं होतं: कुणाचा गोल होऊ द्यायचा नाही.

पेठेच्या फुटबॉल संघाचे ते गोलकीपर. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. इथं पेठेचा संघ हरला तर त्या पेठेत चुली पेटतात, भाकरी होतात, पण घास कुणाच्या गळ्याखाली उतरत नाही. अशा गावात कॉम्प्युटरच्या पोरांना नोकरीला लावायचं खातं एका गोलकीपरच्या हातात देणाऱ्या प्राचार्यांना फुटबॉल कळत नसावा, किंवा फारच कळत असावा.

मी आता राजारामपुरीत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर, छोट्याशा कंपनीत कोड लिहितो. खालून पोरांच्या पाठांतराचा आवाज येतो, वर आमचे पंखे फिरतात. बरं चाललंय. पण आजही कुणी “तुमचं करिअर गोल काय?” असं विचारलं, की माझा हात आपोआप नाकाकडं जातो. का जातो ते पुढं येईलच.

सरांकडं शिकवायला विषय होता कॉम्प्युटर नेटवर्क. पण प्राध्यापक म्हणून कायम व्हायला ‘नेट’ नावाची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती काही सरांना सुटली नाही. त्यामुळं ते वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावरच. याचं त्यांना दुःख होतं का, ते कळायचं नाही. “मैदानावर नेट माझ्या पाठीमागं होतं, तवा मी कुणाला आत जाऊ दिलं न्हाय,” ते म्हणायचे, “आता नेट पुढ्यात हाय, तर ते मला आत जाऊ देईना. फिटंफाट.”

उंची बेताची, पण हात असे लांब की शर्टाच्या बाह्या कायम आखूड वाटायच्या. वर्गात खुर्चीवर बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही. फळ्यापुढं पाय फाकवून, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून उभे राहायचे. जणू फळा म्हणजे गोल आणि आम्ही सगळे पेनल्टी मारायला आलेलो. वर्गात शिरताना आधी चौकटीच्या डाव्या बाजूला हात, मग उजव्या बाजूला हात, मग छोटी उडी मारून वरच्या पट्टीला बोट. हे झाल्याशिवाय तास सुरू नाही. एकदा वाळवी लागली म्हणून त्या दाराची चौकटच काढून नेली होती. सर बराच वेळ बाहेर घुटमळले आणि शेवटी त्यांनी तास व्हरांड्यात घेतला, जिथं निदान दोन खांब होते.

हवेतली कुठलीही वस्तू ते झेलायचे. पहिल्याच आठवड्यात मी मागच्या बाकावरून पुढच्या मित्राच्या डोक्यावर खडूचा तुकडा मारला. मित्र वाकला. सरांचं तोंड फळ्याकडं होतं. तशाच पाठमोऱ्या अवस्थेत त्यांचा डावा हात मागं आला, खडू झेलला, आणि त्याच खडूनं त्यांनी पुढची ओळ लिहिली. मग न वळता म्हणाले, “ह्यो लईच बारका हाय गा. अख्खा टाक की.”

आम्ही पाठीमागं त्यांना ‘किपर’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. पाठीमागचं त्यांना दिसायचंच.

शेवटच्या वर्षी रेझ्युमे लिहायची वेळ आली. त्यात सगळ्यात वर आपलं ध्येय दोन ओळींत लिहायचं असतं. इथंच माझी गाडी रुतली. मला ध्येय नव्हतं. मी कॉम्प्युटरला गेलो, कारण बारावीला मार्क बरे पडले आणि मेकॅनिकलला गेलो असतो तर घरच्या पॉवर टिलरची दुरुस्ती कायमची माझ्या गळ्यात पडली असती. पण असं काही रेझ्युमेत लिहीत नाहीत, एवढं मला कळत होतं. मग मी हुशारी केली. ध्येय मोबाइलमधल्या एआयकडून लिहून घेतलं. पंधरा वर्षांच्या शिक्षणानंतर मी काय व्हावं, हे त्यानं चहा निवायच्या आत सांगितलं.

सर रेझ्युमे सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायचे, आणि वाचता वाचता इंग्रजीचं मराठी करायचे. माझा हातात घेतला, घसा साफ केला.

“‘इथे कंपनीचे नाव टाका’ या नामांकित संस्थेत काम करणे, हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे.”

वर्ग हसण्यानं असा फुटला, की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीत आली.

“लहानपणी कुठं दिसली गा तुला ही कंपनी?” सर म्हणाले.

“सर, ते भरायचं राहिलं.”

“काय भरायचं ऱ्हायलं? कंपनी का स्वप्न?”

मी खाली बघितलं. सर पुढं वाचत होते. “आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची तीव्र इच्छा. बरं. गाव कुठलं तुझं?”

“राधानगरीकडं, सर.”

“जुलैत डोक्यावर शेणाची पाटी घिऊन उकिरड्यापतोर गेलायस?”

“गेलोय की.”

“घसरून पडलायस?”

“पडलोय की.”

“मग अजून किती आव्हान पायजे तुला?”

माझ्यानंतर नंबर होता शाहूवाडीच्या एका मुलीचा. वर्गात पहिली यायची, आणि सरांपुढंही न घाबरता बोलायची. सरांनी विचारलं, “तुझा गोल?”

“खरं सांगू, सर? घरचे म्हणतात, नोकरी लागली तर नोकरी, नाहीतर मांडव. त्यामुळं माझा गोल एवढाच, की समोरच्या टीमचा गोल आधी व्हायला नको.”

सरांनी टाळी वाजवली. “ही बघा! हिला बॉल दिसतोय. बाकी समद्यास्नी निस्तं प्रेक्षक दिसत्यात.”

त्यांचा राग असायचा तो यावर. कुणी म्हणायचं डेटा सायन्स, कुणी क्लाउड, कुणी एआय. मागच्या वर्षीच्या पोरांनी काही वेगळं म्हटलेलं असायचं, त्याच्या मागच्या वर्षी आणखी वेगळं. “हे तुझं ध्येय हाय, का शेजारच्या बाकावरनं आलंय?” असं ते एकेकाला विचारायचे. शेजारच्या बाकावरच्याला विचारलं तर त्याच्याकडं ते त्याच्या शेजारच्या बाकावरून आलेलं असायचं. मग सर त्यांचं ठरलेलं भाषण करायचे. ते मला अजून तोंडपाठ आहे.

“पेनल्टीला गोली काय करतंय? मारणाऱ्यानं पाय उचलायच्या आत डावीकडं न्हायतर उजवीकडं उडी टाकून मोकळं हुतंय. का? कारण हुभं ऱ्हाऊन गोल झाला तर लोक शिव्या देत्यात. उडी मारून झाला तर म्हणत्यात, बिचाऱ्यानं धडपड केली. तुमी समदी तसलीच. बॉल कुठं चाललाय ते बघायचं न्हाय, पुण्याच्या बाजूला उडी! का, तर शेजारच्यानं मारली. अरं मर्दांनो, जरा थांबून बघा की!”

चार वर्षांत कॉलेजात शिकवलेलं एवढं एकच वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. आणि त्यानंच माझा घात केला.

झालं असं. पुण्याची एक कंपनी आमच्या कॉलेजातून पोरं घेणार होती. आधी लेखी परीक्षा, मग त्यातून निवडलेल्यांची मुलाखत. लेखीचा निकाल बोर्डावर लागला आणि त्यात चक्क माझं नाव. मी तिथूनच घरी फोन लावला. आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हशीची धार काढत होते. मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये अडकवलेला, हात कासेला, चरवीत दुधाचा आवाज.

मी ओरडलो, “आण्णा, नाव लागलं!”

आता आमच्या गावात ‘लागलं’ या शब्दाला एकच अर्थ आहे. पोरगं कारखान्यात लागलं, पोरगं मिलिटरीत लागलं, पोरगं दूध संघात लागलं. बोर्डावर नाव लागतं, मुलाखत पुढं असते, हे गावाला मान्य नाही. गावात लागायचं तर अख्ख्या माणसानं लागायचं.

“लागलं?” चरवीतला आवाज थांबला. “पुण्याला?”

“पुण्याचीच कंपनी की!”

बघा, माझ्या बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एवढा खरं बोलून एवढा गोत्यात आलेला माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी चुलतभावानं फोटो पाठवला. गावच्या चौकात फ्लेक्स. मधोमध मी, गॉगल लावलेला. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, त्यामुळं शेजारच्या माणसाचा एक कानही माझ्याबरोबर निवडला गेलेला. वर लिहिलेलं, ‘आपल्या गावचे सुपुत्र, संगणक अभियंता, यांची पुण्यातील नामांकित कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची रांग. तरुण मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो माझ्यापेक्षा मोठा. त्याची कुठंच निवड झालेली नव्हती, म्हणूनच बहुधा.

मी घाईघाईनं आईला फोन केला. खरं काय ते सांगून टाकायचं ठरवूनच केला होता. विचारलं, “आण्णा कुठायत?”

“दूध घालाय गेल्यात. आता येळ लागतोय त्यास्नी,” आई हसत म्हणाली. “संस्था हितं मागच्या गल्लीला, आन् ह्ये सकाळपास्नं लांबनं जात्यात. चौकातनं.”

हे ऐकल्यावर खरं सांगायला जीभच उचलेना. पंचवीस लिटरची किटली खांद्यावर घेऊन माणूस मुद्दाम लांबनं जातोय, माझा गॉगल बघायला. आता एकच वाट उरली होती, ती म्हणजे खरोखर लागायचं.

शाहूवाडीच्या मुलीनं तो फोटो सरांना दाखवला. मी समोरच उभा होतो. सर मोबाइलवर दोन बोटं फिरवून फोटो मोठा करून बघत राहिले.

“गॉगल कुणाचा?”

“मावसभावाचा.”

“बरा दिसतोस.” मग त्यांनी मोबाइल परत दिला. “तुझ्या गावानं आधी गोल दिलाय आणि मॅच मागनं ठेवलीय. असलं मी कुठल्या मैदानावर बघितलं न्हाय. मुलाखत परवा हाय न्हवं? उद्या सकाळी मैदानावर ये.”

बाकीच्या कॉलेजांत मुलाखतीची तालीम टेबलाच्या दोन बाजूंना होते. आमची गोलपोस्टमध्ये झाली. मी दोन खांबांच्या मध्ये उभा, मुलाखतीसाठी इस्त्री केलेला शर्ट घालून. सर समोर, पायाखाली बॉल. नियम एकच: प्रश्न पुरा होईपर्यंत हलायचं नाही. आधी बॉल बघायचा, प्रश्न बघायचा, मग बोलायचं.

“डेटाबेस म्हंजे काय?” धप्प.

मी डोळे मिटून डावीकडं झेपावलो. बॉल उजवीकडून गेला. उत्तर मी जमिनीवर पडल्या पडल्या दिलं, ते बरोबर होतं.

“उत्तर बरोबर, उडी चूक. हूट. नोकरी का पायजे?” धप्प.

या वेळी उजवीकडं झेपावलो. बॉल डावीकडून गेला. कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघणाऱ्या दोघा-तिघांनी मला सल्ले द्यायला सुरुवात केली. कोल्हापुरात मैदानावर प्रेक्षक नसतात, सगळे प्रशिक्षकच.

“मी काय सांगतोय? थांब! हलू नगंस!” सर ओरडले. “आता शेवटचा. पाच वर्षांनी तू सवताला कुठं बघतोस?”

मी थांबलो. पाय रोवले, डोळे उघडे ठेवले, हललो नाही. बॉल सरळ आला आणि नाकावर बसला.

पाच वर्षांनी मी कुठं दिसणार ते कळलं नाही, पण भर सकाळी मला चांदण्या दिसल्या. सर धावत आले. मला वाटलं, नाक बघायला येतायत. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवले. “हललास न्हाईस! शाब्बास मर्दा! हललास न्हाईस!” मग कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्याकडून त्यांनी बर्फ आणला. बर्फाला उसाचा वास येत होता. नाकाचा बटाटा झालेला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. कंपनीची माणसं येणार नव्हती, सगळं व्हिडिओ कॉलवर. कॉलेजच्या लॅबमध्ये एक कॉम्प्युटर, समोर एक खुर्ची, बाहेर आम्ही रांगेत. माझा नंबर आला तेव्हा सरांनी माझ्यासाठी दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावला, उडी मारून वरची पट्टी शिवली, आणि हळूच म्हणाले, “थांबून बघ.”

पडद्यावर दोन चौकोनांत दोन माणसं. एक बाई, एक तरुण गडी. माझं नाक बंद. त्यामुळं ‘म’चा ‘ब’ आणि ‘न’चा ‘ड’ होत होता. मी स्वतःचं नाव सांगितलं ते ऐकून बाईंनी यादीत पुन्हा एकदा बघितलं. पण विषयाचे प्रश्न आले आणि मी सगळे अडवले. गडी मान डोलवायला लागला. मला चौकातला फ्लेक्स हळूहळू खरा होताना दिसायला लागला.

आणि मग बाईंनी तो प्रश्न टाकला. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?

पाठ केलेलं उत्तर ओठांवर होतं. टीम लीडर, नवं तंत्रज्ञान, कंपनीच्या प्रगतीत माझी प्रगती. तेवढ्यात सर आठवले. उडी मारू नकोस. थांब. बॉल बघ. मी थांबलो आणि प्रश्नाकडं बघितलं. खरंच की, पाच वर्षांनी कुठं? पुण्यात चौघांच्या खोलीत? तिथं मला करमेल? आण्णांच्यानं म्हशी होतील तोवर? आणि मला नक्की आवडतं काय? पापणी न हलवता, तोंड किंचित उघडं ठेवून मी विचार करत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या प्रश्नाचा प्रामाणिक विचार करत होतो, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

“हॅलो?” बाई म्हणाल्या.

मी ऐकलं. पण आता उत्तर जवळ आलं होतं, हलून चालणार नव्हतं.

“अडकला वाटतं,” गडी म्हणाला. “तिकडचं नेटवर्क गेलं.”

“राधानगरीचाय ना? पाऊस असेल तिकडे,” बाई म्हणाल्या. आणि पडदा काळा झाला.

मला उत्तर सापडलं तेव्हा समोर कुणी नव्हतं.

बाहेर सर दोन्ही हात चौकटीला लावून उभे. “काय झालं?”

“सर, मी थांबलो.”

“मग?”

“ते गेले.”

त्यांनी कंपनीला फोन लावला. नेटवर्क शिकवणारा माणूस, पण आपलं नेटवर्क उत्तम होतं हे त्यांना पलीकडच्या बाईंना पटवता येईना. “न्हाई मॅडम, हँग न्हाई. थांबलंतं. पोरगं थांबलंतं... विचार करत हुतं, मॅडम... व्हय, तेवढा येळ.” पलीकडून सांगण्यात आलं, की त्याचा नंबर होऊन गेला, पुढच्या वर्षी बघू. तोवर लॅबमध्ये शाहूवाडीच्या मुलीचा आवाज येत होता. खणखणीत, न थांबता. ती निवडली गेली. मांडवाचा गोल अडला. तिच्यासाठी मला खरोखर बरं वाटलं, आणि स्वतःसाठी तितकंच वाईट.

सरांनी मोबाइल खिशात टाकला. “चल.”

“कुठं?”

“तुझ्या गावाला. बापाला मी सांगतो.”

“नको सर, मी बघतो.”

“थांब म्हणून कुणी सांगितलं तुला?”

“तुम्ही.”

“मग?”

एसटीत जागा रिकाम्या होत्या, तरी सर गावापर्यंत उभेच राहिले. दोन्ही हातांनी वरच्या दांड्या धरून, दर वळणाला गुडघ्यांत वाकत. मी खिडकीतून ऊस बघत आण्णांना सांगायची वाक्यं जुळवत होतो. एकही जुळलं नाही.

चौकात उतरलो. सरांनी फ्लेक्स खालून वर बघितला. “परत्यक्षात अध्यक्ष अजूनच मोठा हाय की.” मी हसलो नाही.

दूध घालायची वेळ होती. संस्थेच्या दारात किटल्यांची रांग, माणसांची रांग, आणि रांगेत आण्णा. मला बघून त्यांचं तोंड उजळलं. सरांना बघून तर त्यांनी किटली खाली ठेवली आणि हात जोडले. “या मास्तर, या! तुमच्यामुळं लागलं पोरगं!” रांगेतनं कुणी म्हणालं, “पावणं, च्या घ्या.” कुणी खुर्ची आणली. सर बसले नाहीत. पाय फाकवून, गुडघे वाकवून, हात अंगापासून लांब धरून उभे राहिले.

“पोरगं लागलेलं न्हाय,” सर म्हणाले.

रांगेतल्या किटल्या पुढं सरकायच्या थांबल्या. वजनकाट्याजवळचा सेक्रेटरीसुद्धा थांबला.

“त्याची चूक न्हाय. समदी उत्तरं बरोबर दिली त्यानं. शेवटच्या प्रश्नाला जरा थांबलं. थांब म्हणून मी सांगितलंतं. चूक माझी हाय.”

मी आण्णांच्या तोंडाकडं बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं. ते माझ्याकडं बघतच नव्हते. ते सरांच्या पायांकडं बघत होते. त्या वाकलेल्या गुडघ्यांकडं.

“एक मिंट,” आण्णा म्हणाले. “तुमी पेठेचं किपर न्हवं?”

आण्णा लग्नाआधी काही वर्षं कोल्हापुरात एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, त्याच पेठेत खोली करून. हे मला माहीत होतं. ते पेठेचा झेंडा घेऊन ट्रकच्या टपावर नाचायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

“व्हय,” सर म्हणाले.

“फायनलला पेनल्टी बसली, आन् हुभं ऱ्हायलेलं, ते तुमीच?”

सरांचे हात खाली आले. चार वर्षांत त्यांनी आम्हाला हजार मॅच सांगितल्या होत्या. ही कधी सांगितली नव्हती. “मीच.”

“खांबागत हुभं!” आण्णांनी रांगेकडं वळून सांगितलं. आवाज संस्थेच्या पत्र्यावर आदळला. “बॉल शेजारनं गेला, गोगलगाईगत! ह्यो बाबा निस्ता बघतोय! समदी पेठ उपाशी ऱ्हायली त्या दिशी!”

“तो दर बारीला मधीच मारायचा!” सरांचाही आवाज चढला. “मी त्याच्या समद्या मॅच बघितल्यात्या!”

“मग त्या दिशी का मारला न्हाय मधी?”

“त्या दिवशी त्यानंबी थांबून बघितलं!”

“उडी तरी मारायची की वो!”

“उडी मारली असती तर काय गोल चुकला असता?”

“न्हाय चुकला असता! पर आमाला झोप तर लागली असती!”

यावर सर पुढं सरसावले. दोन किटल्या उचलून त्यांनी अंतरावर ठेवल्या आणि मध्ये उभे राहिले. आण्णा पेनल्टी मारणारे झाले. रांग दोन गटांत फुटली. निम्मी उभं राहायच्या बाजूची, निम्मी उडीच्या. ज्यांनी जन्मात फुटबॉल बघितला नव्हता तेही तावातावानं बोलायला लागले. सेक्रेटरी काटा सोडून बाहेर आला. माझ्या नोकरीचा विषय त्या गर्दीत कुणाच्या तरी पायाखाली गेला. मी बाजूला आण्णांची दुधाची किटली सांभाळत उभा होतो. अख्ख्या दिवसात मी केलेलं तेवढंच उपयोगी काम.

शेवटची एसटी आली तेव्हा भांडण रंगात होतं. सर पळत गाडीत चढले. आण्णा चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळाले आणि खिडकीत तोंड घालून काहीतरी ओरडले. सरांनी आतून जोरात मान हलवली. शिवीच असणार, असं मला वाटलं.

गाडी गेली आणि रांग पुन्हा रांग झाली. मंडळाचा अध्यक्ष पुढं आला. “आण्णा, मग पोराचं...?”

आण्णांनी किटली काट्यावर ठेवली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, “लागलेलं न्हाय.” मग थोडं थांबून, “लागंल.”

“फ्लेक्स काढायचा काय?”

“तुझा फोटू हाय त्येच्यावर. तूच ठरव.”

अध्यक्षानं चौकाच्या दिशेनं एकदा बघितलं. “ऱ्हाऊ दे मग,” तो म्हणाला.

घरी जाताना आण्णा जवळच्या वाटेनं निघाले. मी मागनं, रिकामी किटली घेऊन. किटलीची कडी वाजू नये म्हणून मी ती हातात घट्ट धरलेली.

आई दारातच होती. “काय म्हणालं मास्तर? कवा जायचं ह्येनं पुण्याला?”

“न्हाय लागलं ते,” चप्पल काढता काढता आण्णा म्हणाले. “आन् रविवारी मटण जरा जास्त आणायचं. मास्तर जेवाय येतंय. भांडण अर्धंच झालंय.”